चिमट्यांचा डबा : वीस महिन्यांची मनू आणि तिची आई

पार्श्वभूमी

लहान मुलांच्या पालकांना सल्ला देणं हे माझं काम; ही त्यातलीच एक हकीकत. मनू हे मुलीचं खरं नाव नाही. ओळख पटेल असे आणखी दोन-तीन तपशीलही मी बदलले आहेत. बाकी सगळं घडलं तसं.

मनू वीस महिन्यांची. घर कोल्हापूरच्या एका जुन्या पेठेत, तालमीपासून हाकेच्या अंतरावर. घरात आई, बाबा, आज्जी, आबा आणि ही. बाबा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलणार. आई एका पतसंस्थेत हिशेब बघते. सकाळी साडेनऊला गाडी काढते, संध्याकाळी साडेसहाला परत. माहेर चिपळूणकडचं. बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा संपून ती कामावर गेली तेव्हा मनू साडेपाच महिन्यांची होती. तेव्हापासून दिवसभर आज्जी-आबांकडं.

आबा जुने पैलवान. मोठं नाव झालं नाही, पण खासबागेत दोनदा कुस्ती धरलीय हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. ते मैदान शाहू महाराजांनी 1912 साली बांधून पुरं केलं, हेही मग ऐकावं लागतं. अशा घरात लेकरू वाढवायचं म्हणजे खुराक आलाच. मनूचं दूध हे आबांचं खातं. पहाटे गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचं, डोळ्यांदेखत धार काढून घ्यायची, घरी आणून उकळायचं आणि नातीला पाजायचं. किती, हे कुणी मोजत नव्हतं.

आणखी एक बारीकशी गोष्ट, पुढं लागणार आहे म्हणून सांगते. कोल्हापुरात बायकाही सर्रास 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. मनू आज्जीजवळ बोलायला शिकली, त्यामुळं तीही चप्पल हातात घेऊन 'मी दातो' म्हणायची. आई दर वेळी सुधारायची, "जातो नाही गं, जाते." मनू मान हलवायची आणि पुन्हा 'दातो'.

अडचण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई एकटीच आली. माझ्याकडच्या अर्जावर तिनं लिहिलं होतं, 'मुलगी जेवत नाही, हट्ट करते.' तासभर आम्ही जेवणावरच बोललो. निघताना दारात चप्पल घालता घालता ती म्हणाली, "मॅडम, खरं सांगू का? मला तिच्याबरोबर मजाच येत नाही. सगळे म्हणतात हे दिवस परत येत नाहीत. मला रोज वाटतं, कधी एकदा झोपते."

तिला परत आत बोलावलं. माझ्या कामात दाराशी बोललेलं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं.

तिची संध्याकाळ अशी होती. साडेसहाला घरात पाऊल टाकलं की हात-पाय धुऊन थेट स्वयंपाकघरात. मनू मागं मागं, पदर नाही तर ओढणी धरून. पोळ्या होईपर्यंत तिला सोप्यात मोबाईल देऊन बसवायचं. मग भरवणं. समोर कार्टून, तोंडात घास, घास गालात तसाच. हे सव्वा तास चालायचं. शेवटी रागावणं, रडणं, आणि पोटात काही गेलं नाही म्हणून आज्जी बाटलीभर दूध देणार. झोपायला अकरा. दिवसभरात आईच्या वाट्याला मुलगी यायची साडेचार तास, आणि ते सगळे तास कुठल्या ना कुठल्या कामाचे. रंकाळ्यावरचं फिरणं आबांकडं, तालमीच्या कट्ट्यावर बसणं आबांकडं, गोष्टी आज्जीकडं. भरवणं, नखं कापणं, औषध पाजणं आईकडं.

"तिच्याजवळ असले की मला घड्याळच दिसतं," ती म्हणाली. त्याच दमात म्हणाली की नोकरी सोडायचा विचार आहे.

आधी काय तपासलं

कुठलाही सल्ला द्यायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या होत्या.

पहिली, आईचं मन. झोप लागते का, रडू येतं का, बाकी कशातच रस उरला नाही का, जिवाचं बरंवाईट करावं असं कधी मनात येतं का, हे मी आडवळण न घेता विचारलं. थकवा भरपूर होता, पण कामात रस होता, मैत्रिणींशी बोलणं होतं, भूक होती. तसं नसतं तर तिला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवलं असतं आणि बाकीचं सगळं नंतर.

दुसरी, मनूची वाढ. चालणं, बोटानं दाखवणं, हाक मारल्यावर वळून बघणं, नक्कल करणं, पंधरा-वीस शब्द, सगळं ठीक.

तिसरी, तब्येत. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ. वजन 9.9 किलो, म्हणजे वाढीच्या तक्त्यावर सामान्य पट्ट्यात. हिमोग्लोबिन मात्र कमी, 10.2. डॉक्टरांनी दुधाचा हिशेब मांडायला लावला तेव्हा तो दिवसाला जवळजवळ एक लिटर भरला. दुधात लोह नावापुरतंच, आणि पोट मात्र भरतं. मग आमटी-भाताला जागा कुठून राहणार? शिवाय पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात ती चाल निम्म्याहून कमी होते आणि भूकही तशीच उतरते. घरात सगळे 'पूर्वी किती खायची' असं म्हणत होते ते खरंच होतं, फक्त त्याचा अर्थ कुणाला कळला नव्हता.

समोरचे पर्याय

नोकरी सोडणं हा आईचा पर्याय. मी विरोध केला नाही, पण विचारलं, की सोडली तर पहिल्या सोमवारी संध्याकाळी सात वाजता घरात काय चाललेलं असेल? ती हसली. म्हणाली, "भरवणंच." मग ठरलं की हा निर्णय तीन महिने उघडायचाच नाही.

पतसंस्थेजवळ पाळणाघर शोधणं हा दुसरा. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय द्यावी असा कायदा आहे, पण हिच्या पतसंस्थेत तेवढी माणसं नव्हती. आणि खासगी पाळणाघरात ठेवायचं म्हणजे आबांच्या काळजाचा तुकडा तोडण्यासारखं. तो लगेच बाजूला पडला.

मोबाईल सरसकट बंद करणं हा तिसरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन नकोच असं आहे, आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही तेच म्हणणं. तत्त्व पटतं. पण मोबाईल बंद केला की त्याच्या जागी कोण बसणार, याचं उत्तर त्या घरात अजून नव्हतं.

चौथा माझा, आणि तो चुकला.

पहिला प्रयत्न, जो फसला

मी सुचवलं की संध्याकाळी सात ते साडेसात फक्त मनूचा वेळ. फोन बाजूला, दार लोटून, दोघीच खेळायचं. कागदावर फार छान दिसतं हे.

आईनं मनापासून केलं. चित्रांची कार्डं आणली, रंगीत ठोकळे आणले. सातला बसायची, 'हे काय? हत्ती. म्हण हत्ती.' मनू कार्ड तोंडात घालायची, नाही तर दाराशी जाऊन 'आबा' म्हणून हाका मारायची. साडेसातला आई उठायची ती स्वयंपाकाला उशीर झाला म्हणून चिडूनच. दहा दिवसांनी आली तेव्हा म्हणाली, "अजून एक काम वाढलं बघा." खरंच होतं. तिच्या यादीत मी एक ओळ वाढवली होती, आणि ती ओळ म्हणजे तिची मुलगी.

हसण्याची वही

मग एक साधी वही द्यायचं ठरवलं. सात दिवस, तीनच रकाने. वेळ, जवळ कोण होतं, मनू कशावर खळखळून हसली. घरातल्या कुणीही लिहावं.

वही परत आली ती मी अजून विसरलेले नाही. आबांच्या रकान्यात रांगच होती. तालमीच्या कट्ट्यावर म्हाताऱ्यांनी 'दाखव गं' म्हटल्यावर हिनं मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला, आणि आवाज आला नाही म्हणून दुसऱ्या मांडीवर ठोकून बघितला. केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आषाढ लागला होता, टेंबलाई देवीला नवं पाणी घालायला निघालेली माणसं पी-ढबाक वाजवत गेली आणि मनू दोन दिवस 'पी धबा' करत घरभर नाचली.

आईच्या नावावर दोनच नोंदी. एकदा तिची ओढणी दारात अडकली आणि ती मागं खेचली गेली. दुसऱ्यांदा रात्री आठला लाइट गेली. मोबाईल बंद पडलेला, जेवण अर्धवट, बाहेर धो धो पाऊस. बॅटरीच्या उजेडात आईनं भिंतीवर हाताची सावली केली आणि मनू तिला धरायला धावली. त्या नोंदीपुढं आईनं लिहिलं होतं, 'अर्धा तास. लाइट आल्यावर वाईट वाटलं.'

दोन्ही वेळा आई काही करायचा प्रयत्न करत नव्हती. तिनं स्वतःच हे बोट ठेवून दाखवलं, मला सांगावं लागलं नाही.

पण वहीनं एक नुकसानही केलं. आईनं समासात पेन्सिलीनं 'मोबाईल' असं जिथं तिथं लिहून ठेवलं होतं, आणि दुपारच्या त्या सगळ्या वेळा आज्जीच्या होत्या. वही फ्रिजवर असायची. आज्जीनं ती वाचली. दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज. चौदा महिने जिनं नात सांभाळली तिच्यावर सुनेनं हजेरी लावली, असाच अर्थ तिथं निघणार होता, दुसरा कुठला निघेल?

मग काय केलं

पुढच्या भेटीला मी सगळ्यांना बोलावलं. आज्जीला आधी बोलू दिलं. त्या म्हणाल्या, "माझं गुडघं दुखत्यात. दुपारी ती पळती, मला पळाय येत नाही. मग काय करू, सांगा की." त्या खोलीत एवढं प्रामाणिक वाक्य दुसरं कुणी बोललं नव्हतं. आईनं तिथंच समासातल्या नोंदी खोडल्या.

दुधाचं कोण सांगणार हा खरा पेच होता. सुनेनं सांगितलं असतं तर भांडण, मी सांगितलं असतं तर 'बाहेरची बाई'. म्हणून आबांनाच डॉक्टरांकडं पाठवलं. आबा तयारीनंच गेले, "दुधानं काय वाईट झालंय का कुणाचं?" डॉक्टरांनी वाद घातला नाही. विचारलं, पैलवान नुसत्या दुधावर होतो का? आबा घरी आले ते नवं खातं घेऊनच: लोहाचं औषध वेळेवर देणं, रोज एक अंडं, बदाम कुटून, आणि रविवारी मटण शिजलं की तिखट पडायच्या आधी वाटीभर आळणी बाजूला काढून त्यात भात कालवणं. दूध दोन पेल्यांवर आलं, साधारण 400 ते 500 मिली. रात्रीची बाटली सुटायला मात्र तीन आठवडे गेले.

जेवणाचा नियम एकच ठेवला. काय, कधी आणि कुठं हे घरानं ठरवायचं. किती, हे मनूनं. पावणेआठला सगळ्यांबरोबर जमिनीवर, खाली जुना पेपर पसरून, तिची वेगळी ताटली. अन्न सांडून वाया जातं ही आज्जीची तक्रार रास्त होती, म्हणून एका वेळी दोनच चमचे वाढायचे. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचलायची, बोलणं नाही. जेवताना मोबाईल नाही. चिपळूणच्या आजीचा व्हिडिओ कॉल राहू दिला, पण जेवणाआधी. तिसऱ्या रात्री मनू दोन घास खाऊन उठली. अकरा वाजता आज्जी गुपचूप उठून तिला दूध पाजून आली आणि सकाळी स्वतःच सांगून टाकलं. मला ते आवडलं. नियम मोडला होता, पण आता घरात लपवाछपवी नव्हती.

आईसाठी ठरलं ते याहून साधं. घरी आल्यावर पहिली पंधरा मिनिटं स्वयंपाकघरात जायचं नाही, चहा आज्जी करणार. आणि रोजचं एक काम, कुठलंही, जमिनीवर बसून मनूला घेऊन करायचं. मनूला बाजूला बसवून नाही. लागेल तेवढा वेळ लागू दे. आईनं कपडे वाळत घालणं निवडलं. पावसाळ्यात कोल्हापुरात कपडे वाळणं म्हणजे काय असतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. सोप्यात दोऱ्या बांधलेल्या, पंखा चालू, तरी तिसऱ्या दिवशीही लेंगा दमटच.

जुलैच्या शेवटी मी त्यांच्या घरी गेले. आबा पेपर वाचत होते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला. अजून चार फुटांनी धोका पातळी. घरात सगळे आकडा ऐकत होते. मनूनं त्यातला 'फूत' तेवढा उचलला होता आणि दिसेल त्या वस्तूला ती तेच म्हणत होती. तिच्यासमोर श्रीखंडाचा जुना डबा, त्यात चिमटे. आई दोरीवर टॉवेल टाकायची आणि हात खाली करायची. मनू डब्यात वाकायची. हिरवा काढायची, ठेवून द्यायची. लाल काढायची, उजेडाकडं धरायची. मग तो दोन्ही हातांनी दाबायची, ओठ घट्ट मिटून, सगळा जीव एकवटून. चिमटा उघडायचा नाही. "कल," म्हणून आईसमोर धरायची. आई दाबून दाखवायची, चिमटा तोंड उघडायचा, मनू दचकायची, आणि दोघी हसायच्या. मग पुढचा टॉवेल. मध्येच तिला आबांचा पेपर दिसला. आईचा हात धरून तिनं पेपराच्या कडेला एक चिमटा लावून घेतला, मग दुसरा, तिसरा. आबा पेपर तसाच धरून बसले. पान उलटलं नाही. चौदा कपडे वाळत घालायला पंचवीस मिनिटं लागली.

मी निघाले तेव्हा आईनं दारात काहीच सांगितलं नाही.

परिणाम

ऑगस्टच्या मध्यावर वजन 10.4 किलो, हिमोग्लोबिन 11.3. रात्रीचं जेवण अर्ध्या तासाच्या आत. झोप पावणेदहाच्या सुमारास, त्यामुळं नवरा-बायकोला बोलायला तासभर मिळू लागला. हे कुणी मागितलं नव्हतं, पण सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच झालं. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, कुंभार गल्लीतून आणलेल्या मातीच्या बैलाला मनूनं भाकरी भरवली, शिंग मोडलं, रडली. शिंग आईनं कणकेनं चिकटवलं. आधी असतं तर हे काम आबांकडं गेलं असतं.

सगळं सुटलं नाही. महिनाअखेरीला पतसंस्थेत उशीर होतो, त्या तीन-चार दिवसांत जुनी संध्याकाळ जशीच्या तशी परत येते. दुपारी आज्जी वीसेक मिनिटं मोबाईल देतात. मला ठाऊक आहे, पुस्तकी उत्तर काय ते. पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्याकडून ती वीस मिनिटं काढून घ्यायची तर बदल्यात एक माणूस द्यावा लागेल, तो माझ्याकडं नव्हता. नोकरीचा विषय तीन महिन्यांनी ठरल्याप्रमाणं उघडला. आई म्हणाली, "आता तो शनिवारी रात्री निघतो. रोज नाही." तेवढ्यावर ठेवला.

पुन्हा करायचं झालं तर

आज्जीला पहिल्याच भेटीत बोलावेन. दिवसभर मूल ज्यांच्या हातात असतं त्यांच्या गैरहजेरीत त्या मुलाबद्दल ठरवणं हा उद्धटपणाच होता, आणि तो माझा. वही द्यायचीच तर सगळ्यांसमोर देईन, आणि समास न ठेवता.

सात ते साडेसातचा प्रयोग मी पुन्हा सुचवणार नाही, निदान घड्याळाला कंटाळलेल्या आईला तरी नाही. काही घरांत तो चालतो. इथं माझं ऐकणं कमी पडलं; 'घड्याळच दिसतं' असं म्हणालेल्या बाईला मी आणखी एक वेळ लावून दिली.

बाबांकडं मी फार उशिरा वळले. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात ते चारला घरी असतात आणि मनूला रंकाळ्यावर नेतात, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. त्या आठवड्यात आई ऑफिसमधून थेट रंकाळ्यावरच गेली असती तर? पुढं त्यांनी ते सुरू केलं, पण त्यांचं त्यांनी.

नोकरीचा निर्णय तीन महिने बाजूला ठेवणं मात्र बरोबर ठरलं असं मला वाटतं. हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय 'हट्ट' हा शब्द मान्य न करणंही.

सप्टेंबरमधला फोन

शेवटची विचारपूस फोनवर झाली. ओल्या शेंगा उकडल्या होत्या, मनू टरफलं गोळा करून एकेक आबांच्या खिशात घालत होती, दाणे मात्र चिरडूनच देतोय, असं सगळं आई सांगत होती. मागून 'पी धबा, पी धबा' ऐकू येत होतं. मध्येच काहीतरी धाडकन पडलं, मग शांतता, मग मनूचं हसू.

"मॅडम, चिमट्यांचा डबा गेला वाटतं खाली," ती घाईघाईनं म्हणाली. "मी नंतर फोन करतो."

मग तिच्याच लक्षात आलं. "करते," ती म्हणाली, आणि हसत हसतच तिनं फोन ठेवला.